बाणाचा बुडखा

आषाढातल्या एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी हातातल्या बाणाकडं बराच वेळ पाहत होतो. टोक शाबूत होतं, पिसं जागच्या जागी होती. फक्त बुडाकडं, जिथं दोरी बसते त्या खाचेपासून, बाण वीतभर उभा चिरला होता. वाळलेली तुरीची शेंग तडकली की तिच्या फाका जशा दोन बाजूंना वळतात, तशा त्याच्या दोन फाका वळल्या होत्या. आतलं लाकूड पांढरं आणि कोरडं, नुकतंच उघडं पडलेलं. भाची शेजारी बसून अंगठ्यात घुसलेली सळ सुईनं काढत होती. काही बोलत नव्हती. सळ निघाली, रक्ताचा थेंब वर आला, तो तिनं चोखून घेतला आणि मग म्हणाली, "मामा, दोरीच बाणात शिरली."

बाण मीच केला होता. औद्योगिक वसाहतीत यंत्रं येतात ती पाइनच्या फळ्यांच्या पेटाऱ्यांतून. पेटारे फोडले की फळ्या भंगारात जातात. त्यांतल्या बिनगाठीच्या, सरळ रेषांच्या फळ्या निवडायला मी जातो. भंगारवाल्याला आता माझी सवय झाली आहे, चार फळ्या तो आधीच बाजूला काढून ठेवतो. त्यांच्या चौकोनी पट्ट्या काढायच्या, रंध्यानं कोपरे मारून आठकोनी करायच्या, मग काचेच्या तुकड्यानं आणि पॉलिश पेपरनं गोल. जाडी ८ मिलिमीटर, लांबी २८ इंच. शहरात भाचीचा सराव कार्बनच्या बाणांवर चालतो. त्यांच्या बुडाला प्लास्टिकची तयार खाच असते, फुटली तर उपटून दुसरी बसवायची. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला वयाच्या १७ व्या वर्षी जगज्जेती झाली, तेव्हापासून ह्या पोरीच्या खोलीत दुसऱ्या कुणाचं चित्र नाही. पण सुटीत गावी आली की खळ्यावर कडब्याच्या पेंढ्या रचून तिला माझेच बाण लागतात. लाकडाचा बाण सुटताना हातात काहीतरी सांगून जातो म्हणते. त्या संध्याकाळी त्यानं जे सांगितलं, ते माझ्या कामाबद्दल होतं.

त्या जागेला आपल्याकडं बोलण्यातला धड शब्द नाही. सुतार खाच म्हणतो, पोरं बेचकं म्हणतात. संस्कृतात मात्र पुंख हा नेमका शब्द आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी गाय सिंहाच्या तावडीत सापडते, दिलीप राजा बाण काढायला भात्याकडं हात नेतो, आणि त्याची बोटं पुंखालाच चिकटून बसतात. बाण निघत नाही आणि हातही सुटत नाही. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला सिंहच दिसला होता. आता ती बोटं दिसतात. भात्यात बाण टोक खाली करून उभा असतो, म्हणजे बोटांना पहिल्यांदा लागतो तो पुंख. सोडतानाही शेवटचा स्पर्श त्याचाच. बाणाचं टोक दुसऱ्यांसाठी असतं. सोडणाऱ्याच्या वाट्याला हे एवढंच बोटभर बूड येतं.

बुडखा हा शब्द मला आमच्या शेतावरच्या सालदारबाबांनी दिला. ते भिल्ल. भोकरदनच्या वरच्या अंगाला, जिथून अजिंठ्याचे डोंगर दिसायला लागतात, त्या बाजूची त्यांची वस्ती. घरात त्यांची कामठी आढ्याला टांगलेली असायची. तिची दोरी सुताची नव्हे, बांबूच्या सालीची चपटी कांब. चपट्या दोरीला खाचही रुंद लागते, हे मला फार उशिरा उमगलं. आम्ही पोरं तेव्हा निरगुडीच्या फोकाचं धनुष्य आणि सनकाडीचे बाण करायचो. अंबाडी भिजवून सोलली की आतली पांढरी, हलकी काडी उरते, तिच्या टोकाला बाभळीचा काटा खोचायचा की झाला बाण. माझं सगळं लक्ष त्या काट्यावर. कोणता लांब, कोणता सरळ, कोणता अजून हिरवा. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी दोरी ओढली की सनकाडी मागून फाटायची. बाबा एकदा औत सोडून येताना थांबले आणि म्हणाले, "टोकाले काहून घासतूस रे? आधी बुडखा बांध. टोक काय, दगडावर बी व्हतं." मग धोतराच्या काठाचं एक सूत ओढून काढलं, तोंडात धरून ओलं केलं, खाचेच्या खाली वळसे घातले, शेवटाचं टोक वळशांखालून ओढून घेतलं आणि बांधावरच्या बाभळीचा डिंक बोटानं चोळला. सगळं मिळून एका चिलमीइतकाही वेळ लागला नसेल. तो बाण दिवाळीपर्यंत टिकला.

ते सूत काय करत होतं, ते मला पुढं घराचं बांधकाम निघालं तेव्हा कळलं. जालना ही सळईची भूमी. 'जालना सोने का पालना' म्हणायचे त्या पेठेच्या गावात आता भट्ट्या आणि रोलिंग मिला आहेत, आणि कुठल्या कुठल्या गावांतले स्लॅब इथल्या सळईवर उभे आहेत. आमच्या मिस्त्रीबरोबर आलेला एक पोरगा दिवसभर उकिडवा बसून बारीक सळईच्या चौकोनी रिंगा वाकवायचा. उभ्या सळया मोठ्या, भार घेणाऱ्या, तेव्हा ह्या चिटुकल्या रिंगा कशाला, असं मी विचारलं. मिस्त्री म्हणाले, "सर, वरून दाब आला की कॉलम बाजूला फुगायला बघतो. रिंग त्याला फुगू देत नाही." बाबांचं सूत तेच करत होतं. दोरी खाचेच्या तळाशी बसते आणि सुटताना पूर्ण धनुष्याचं बळ त्या बिंदूवर ढकलते. लाकूड रेषेत फाटायला नेहमीच तयार असतं. म्हणून खाच लाकडाच्या वलयांना आडवी कापायची. माझ्या फुटलेल्या बाणात मी घाईत ती वलयांच्या रेषेतच कापली होती, आणि वर बांधलंही नव्हतं. पाइन इतका सरळ दिसला की त्याच्यावर विश्वास टाकून मोकळा झालो. त्या विश्वासाची सळ पोरीच्या अंगठ्यात गेली, हे मनातून जात नव्हतं.

मग मी कशानं बांधायचं ह्याच्या मागं लागलो.

शिवणयंत्राचा दोरा पहिल्यांदा. तो बसतो छान, पण कापसाचा दोरा पावसाळी हवेत सैलावतो. नायलॉन घसरतो, गाठीत राहत नाही, आणि ताणला की लांबतो. मांजाची कल्पना भाचीचीच, पण काच लावलेला दोरा बोटांजवळ नको म्हणून मी ती ऐकली नाही. मग अंबाडीचा वाख. आमच्याकडं अजून एखाद्या धुऱ्यावर भाजीसाठी अंबाडी असते, पण ती कुजवून, धुऊन वाख काढणारे हात आता फार थोडे राहिले. आठवडी बाजारात मातंग समाजातले एक म्हातारे गृहस्थ वाखाचे आणि केकताडाचे दोर घेऊन बसायचे. मांडीवर वाखाच्या दोन बटा ठेवून तळव्यानं एकच घासा मारायचे आणि पीळ पडायचा. त्यांच्याकडून पूर्वी आणलेली एक लडी घरात होती. वाख ओला करून बांधला की सुकताना घट्ट होतो, लाकडाला धरतो. पण त्याचं सूत कितीही बारीक वळलं तरी जाडच, आणि बुडख्यावर गाठ उठली की बाण धनुष्याला घासून जातो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराच्या भागात धनुष्याच्या दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू असे जिन्नस सांगितले आहेत. रुईचं नाव वाचून मी चकित झालो. मारुतीला शनिवारी पानांची माळ घालण्यापलीकडं रुईचा काही उपयोग असेल असं कधी मनात आलं नव्हतं, आणि ती तर आमच्या गावठाणात उकिरड्याकडेला फोफावलेली. एक वाळकं खोड आणून साल सोलली. आत रेशमासारखे, पांढुरके, लांब धागे. एकेक धागा तुटता तुटेना. ती सबंध दुपार मी ते धागे नखानं सोडवण्यात घालवली. बांधायला पुरतील इतके निघाले नाहीत, पण दुपार वाया गेली असं वाटलं नाही.

आणि तांत. हा शब्द मनात आला की मला एक आवाज ऐकू येतो. कापसाचा मुलूख आमचा, दिवाळीच्या सुमाराला पिंजारी यायचा. खांद्यावर पुरुषभर उंचीची ती कमान, तिला जनावराच्या आतड्याची ताणलेली तांत. गादीतला दडपलेला कापूस पुढ्यात घेऊन तो लाकडी मुठीनं तांत छेडायचा, आणि अंगणात खोल, घुमणारा नाद सुरू व्हायचा. कापूस त्या थरथरीनंच सुटा होऊन उडायचा. एक धनुष्य असंही असतं, ज्यातून बाण सुटत नाही आणि कापूस मोकळा होतो, हे मला तेव्हाही फार सुंदर वाटायचं. शाळेतली आमची लेझीमही मुळात धनुष्यच. दोरीच्या जागी जड साखळी लावून ओढायचं, दंड कमवायचे. तांतीनं बुडखा बांधणं जुनं आणि चांगलं. ओली असताना गुंडाळायची, वाळली की लाकडाला घट्ट आवळते. पण पिंजाऱ्यांच्या कमानी आता भिंतीवर गेल्या, तांत कुणाकडं मागावी?

रेशीम मात्र दारात होतं. जालन्यात २०१८ साली राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या भागात कितीतरी बांधांवर तुती दिसू लागली. एका मित्राच्या शेडमध्ये मी गेलो तेव्हा अळ्या शेवटच्या वयात होत्या. हजारो तोंडं एकाच वेळी तुतीचं पान कुरतडत होती आणि पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज भरून राहिला होता. डागी, बाजारात न चालणारे वीसेक कोष त्यानं मला दिले. एका कोषात एकसंध धागा हजार मीटरच्या आसपास असतो. घरी पातेल्यात पाणी तापवून कोष टाकले, झाडूच्या काडीनं वरचं जाळं उचललं, आणि दहा कोषांचे धागे एकत्र ओढून पीळ दिला. पातेल्यात कोष नाचत होते. आत जीव होता हे मला माहीत होतं. एकेका धाग्याबरोबर कोष पातळ होत गेला आणि आतली काळी सावली दिसायला लागली. त्या दिवशी मी जेवायला उशिरा बसलो. तेव्हापासून तो धागा मी वाया घालवत नाही. बोटभर तुकडाही डबीत ठेवतो.

रेशीम बसलं म्हणजे कसं बसलं ते सांगतो. खाचेच्या तळाच्या किंचित खाली पहिला वळसा, त्याला लागून दुसरा, एकावर एक चढू द्यायचा नाही. डाव्या हातानं बाण फिरवायचा, उजव्या हातानं धागा ताणलेला धरायचा. बावीस-पंचवीस वळसे झाले की काजाएवढी पट्टी होते, आणि उजेडात धरली की सगळे वळसे मिळून एकच वस्तू दिसायला लागते. वरून चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात. लाख धाग्यात मुरते आणि मधासारखा रंग येतो. सरसही लावून पाहिला, तो पावसाळ्यात चिकचिकतो.

तरी माझं समाधान होईना. बांधणी लाकडाला फाटू देत नाही, पण दोरी खाचेचा तळ तर रोज थोडा थोडा खातच असते. तिथं लाकडापेक्षा कठीण काहीतरी हवं. हाड म्हणावं तर ते कठीण आहे, पण कपची उडते. आमच्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला, १९७३ साली उत्खनन झालं त्यात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती निघाली, तिच्या जातीची मूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडलेली आहे. ज्या गावच्या मातीनं असं कोरीवकाम सांभाळलं, तिथल्या माणसाला हाड तासायची भीती वाटू नये. मी तासलं, दोन तुकडे मोडले, आणि मग शिंगाकडं वळलो. मनातून मला पहिल्यापासून शिंगच हवं होतं. टाळत होतो.

कारण घरात शिंग एकच होतं. राजा बैलाचं. मी दहा-बारा वर्षांचा असताना गोठ्याच्या फाटकात अडकून राजाच्या उजव्या शिंगाचा टोप निघून आला. आत लालभडक, ओला खुंट. आजोबांनी हळद आणि लोणी थापून फडकं बांधलं आणि रात्रभर त्याच्याजवळ बसले. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी झाली, बाकीच्या बैलांची शिंगं साळली, हिंगूळ लावला, पितळेच्या शेंब्या चढवल्या. राजाच्या एकाच शिंगाला शेंबी, आणि दुसऱ्या बाजूला आजोबांनी झेंडूचं फूल खोवलं. तो टोप त्यांनी देवळीत ठेवला. आजोबा गेले, राजा गेला, घराचं माळवद जाऊन स्लॅब आला, पण नव्या भिंतीतही आईनं एक देवळी ठेवायला लावली आणि शिंग तिथं परत गेलं.

शेवटी पोळ्याच्या दिवशी मी ते काढलं. धुतलं, गरम पाण्यात ठेवलं. हॅक्सॉच्या पात्यानं रुंद बाजूची एक चकती कापली. कापताना केस जळाल्यासारखा वास सुटला आणि मी त्याच क्षणी गोठ्यात होतो, शिंगं साळणाऱ्या माणसाच्या पायाशी, त्या काळ्या-पिवळ्या कपच्या गोळा करत. चकतीतून ४ सेंटिमीटर लांब, दीड मिलिमीटर जाड अशी पट्टी निघाली. उजेडात धरली तर काळ्यातून मधूनच धुरकट पिवळी रेघ जाते. बुडख्यात करवतीनं उभी चीर पाडून ती आत बसवली, आणि मग दोरीची खाच तिला काटकोनात कापली. आता दोरी टेकेल ती शिंगाच्या कडेवर. वर रेशीम, वर लाख.

हीच युक्ती पूर्वी फार लांब कुणी केलेली आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं मेरी रोझ नावाचं जहाज १५४५ साली समुद्रात बुडालं आणि १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढला. त्यात तीन हजारांवर बाण निघाले. त्यांच्याही बुडख्यात अशीच उभी चीर आहे, शिंगाच्या पट्टीसाठी पाडलेली. चीर राहिली, शिंग मात्र बहुतेक बाणांतलं नाहीसं झालं. चारशेवर वर्षांत समुद्रानं लाकूड ठेवलं आणि शिंग खाल्लं. ती रिकामी चीर कधी छायाचित्रात पाहिली की वाटतं, कुणीतरी कुणाच्या तरी बैलाचं शिंग असंच उजेडात धरून पाहिलं असेल.

दसऱ्याला भाची आली. बाण हातात घेतला, टोक पाहिलंच नाही. बुडखा नखानं चाचपला, वळसे मोजले. "चोवीस," म्हणाली. मग खळ्यावर गेली. पहिल्या दहा-बारा वेळा बाण कडब्यात बसला. दर वेळी ती बाण उपटून आधी बुडखा बघायची, चीर नाही ना. सूर्य खाली आला होता. शेवटच्या वेळी तो पेंढ्यांच्या वरून गेला आणि पलीकडच्या तुरीत शिरला. तुरी डोक्यापर्यंत आलेल्या, पिवळ्या फुलोऱ्यावर. आम्ही अंधार पडेपर्यंत ओळी तुडवत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. सापडला नाही. ती गेली तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागलं होतं.

संक्रांतीला ती परत आली तेव्हा तुरीची कापणी होऊन गेली होती. खुंटांमधून चालताना तिनंच थांबून हाक मारली. जमिनीवर मातीची एक बारीक, वेडीवाकडी कांडी पडली होती, मधूनमधून तुटलेली. वाळवीनं पाइन सगळा खाल्ला होता आणि खाता खाता त्याच्या जागी माती भरत गेली होती, बाणाच्याच लांबीची. एका टोकाला गंजलेलं लोखंड. पिसांचा मागमूस नाही. दुसऱ्या टोकाला लाखेचं ते मधाळ कडं, तडकलेलं पण घट्ट, आणि त्याच्या आतून बाहेर डोकावणारी काळी पट्टी. राजाच्या शिंगाला वाळवीनं तोंड लावलं नव्हतं.

तिनं ते उचललं, तळहातावर घेऊन ओट्यापर्यंत आणलं. बाभळीच्या काट्यानं आतली माती हळूहळू कोरली, फुंकर मारली. रेशमाचे वळसे एकालाही न उसवता कड्यासारखे उभे राहिले, मध्ये शिंगाची पट्टी. करंगळीच्या टोकावर ठेवून तिनं ते फिरवून पाहिलं, आणि वळसे पुन्हा मोजायला लागली. मोजून झाल्यावर वर न बघताच म्हणाली, "मामा, राजाचं शिंग अजून किती उरलंय?"

मी देवळीतून शिंग काढलं आणि तिच्या हातात दिलं.